पुण्याहून गाडीने शिवडी, माझगाव, भायखळा: एका दिवसात जमेल का?

डेक्कनकर: जानेवारीतला शनिवार धरलाय. चौघं जण, त्यात सत्तरीच्या आजी आणि आठ वर्षांचा मुलगा. अटल सेतूने उतरून शिवडीचे फ्लेमिंगो, माझगावची टेकडी, राणीची बाग आणि जमलं तर वांद्र्याचा किल्ला. गेटवे, मरीन ड्राइव्ह नको. क्रम कसा लावावा?

बंदरवाट: वांद्रं काढून टाका, बाकी निवांत होईल.

क्रम घड्याळावर नव्हे, भरतीवर ठरवा. पक्षी चिखलात चरतात. पूर्ण ओहोटीला ते पाण्याच्या कडेकडेने पार लांब जातात, पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. म्हणून भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास गाठायचे. आदल्या रात्री मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. वेळ दुपारची निघाली तर आधी राणीची बाग, मग शिवडी. पक्षी लांब असले तरी शिवडीचा किल्ला (१६८०) आहेच, वरून सगळी खाजण दिसते.

पळस्पे फाट्यावरून जेएनपीटी रस्ता धरून चिर्ले, तिथून सेतू. कारला एकेरी २५० रुपये, त्याच दिवशी परत येणार असाल तर जाऊन-येऊन ३७५. सेतूवर फोटोसाठी थांबायचं नाही, दंड होतो. शिवडीकडे उतरताना पाट्या नीट वाचा. चुकून ईस्टर्न फ्रीवेवर दक्षिणेला लागलात तर थेट पी. डि'मेलो रोडला उतराल. तसं झालंच तर उलटं फिरू नका, माझगाव आधी उरका.

पाखाडी: माझगावात गाडी म्हातारपाखाडीच्या गल्ल्यांत घालू नका. समोरून टेम्पो आला की मागे घ्यायलाही जागा नसते. हे ईस्ट इंडियन लोकांचं (मुंबईतल्या मूळच्या कॅथलिकांचं) जुनं गावठाण आहे, लाकडी जिने आणि व्हरांडे, लोक तिथे राहतात. दारात उभं राहून घरात कॅमेरा रोखू नये.

टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा इथलेच. माझगावच्या, म्हणजे भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचंच नाव आहे. बागेची हिरवळ म्हणजे १८८४ च्या जलाशयाचं छप्पर, म्हणून ती इतकी सपाट! गोदीतली जहाजं इथून छान दिसतात. डॉकयार्ड रोड स्टेशन पायथ्याशीच, शिवडीहून तिसरं. पण चढ आहे; आजींना काळी-पिवळी टॅक्सी बरी (किमान भाडं ३१ रुपये). रिक्षा शोधू नका, या भागात चालत नाहीत. रविवारवर ढकललंत तर हार्बरचा मेगाब्लॉक आधी पाहा.

भायखळावाला: राणीची बाग बुधवारी बंद, बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर त्या दिवशी उघडी आणि गुरुवारी बंद. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर १०० रुपये. तुमच्यात एकच मूल, त्यामुळे सुटी तिकिटं: मोठ्यांना ५०, मुलाला २५. संध्याकाळी बाग बंद होण्याच्या बरीच आधी खिडकी बंद होते, चारनंतर पोचण्यात अर्थ नाही. मुलगा पेंग्विनपाशी अडकेल, तो वेळ धरा.

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती चुकवू नका. घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले; ते १९१४ मध्ये इथे जोडले. जोड जवळून दिसतात.

डेक्कनकर: वांद्रं रद्द. भरतीचं डोक्यातच नव्हतं. शिवडीला गाडी रस्त्यावर लावली तर चालेल?

बंदरवाट: बंदराच्या हद्दीतल्या रस्त्यांवर कंटेनर वळतात, तिथे नको. स्टेशनच्या पश्चिमेला लावा आणि पूर्वेला चालत किंवा टॅक्सीने जा.