वास नाही म्हणून गजर खोटा नव्हे
घरातला कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला, पण वास आला नाही, म्हणजे यंत्रच बिघडले, असे समजून आपण त्याचे सेल काढून ठेवलेत, ते मला धोक्याचे वाटते. कोळसा किंवा गॅस नीट न जळल्याने तयार होणाऱ्या या विषारी वायूला वासच नसतो. सिलिंडरच्या गॅसचा वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. खानापूरच्या थंडीत आम्हीही दारे लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवत असू आणि सकाळी डोके जड झाले, की दोष गारठ्याला देत असू. हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे गजर सलग वाजू लागताच घरातल्या सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि ११२ ला फोन करावा. मधूनच एखादी ‘टीं’ होत असेल, तर बहुधा सेल संपत आलेले असतात. न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधूनही हाच वायू येऊ शकतो, म्हणून तो बाहेर बसवून घ्यावा.