चौथ्या मजल्यावरून टाकलेला किल्ल्यांचा जुडगा

लालबागचा_मामा:
आमची चाळ जुनी, लिफ्टचं नाव नको. खालून हाक मारली की आई गॅलरीतून किल्ल्यांचा जुडगा रुमालात बांधून टाकते. परवा रुमाल सापडेना, नुसताच टाकला. झेलला खरा, पण तळहाताला अशा झिणझिण्या आल्या की पाच मिनिटं मूठ वळेना. वाण्याच्या काट्यावर जुडगा भरला जेमतेम दीडशे ग्रॅम!

त्यात नववीतला भाचा सुरू झाला. "मामा, जड-हलकं सगळं एकदमच पडतं असं सर सांगतात. पटत नाही." रविवारी अंगणातली पोरं हटवून जुडगा आणि एक सुटी किल्ली एकदम सोडली. टण्णकन् दोन्ही बरोबर. मग पेपरचं पान सोडलं, ते तरंगत जाऊन पहिल्या मजल्याच्या वाळत घातलेल्या साडीवर बसलं. त्याच पानाचा घट्ट बोळा केला तर जुडग्याच्या थोडाच मागे. हवेचं कळलं. पण दहा किल्ल्यांना पृथ्वी दहापट ओढते ना? मग जुडगा आधी का नाही येत? आणि माझ्या हाताचं काय?

निवृत्त_मास्तर:
दहापट ओढते, बरोबर. पण दहा किल्ल्यांना वेग द्यायला जोरही दहापट लागतो, हिशेब फिटला. भाच्याला असं विचारा: कडी काढून दहा किल्ल्या शेजारी शेजारी सोडल्या तर एकदम पडतील ना? मग कडीत ओवल्यावर त्यांना घाई का सुटावी? गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात साधारण याच धाटणीचा युक्तिवाद केलाय.

आता हात. गॅलरी १२ मीटर उंच धरू. खाली यायला दीड सेकंदाच्या जरा वर, आणि हातात येताना वेग ताशी ५५ किलोमीटर! हात ताठ ठेवून ३ सेंटिमीटरमध्ये थांबवलात तर ६० किलोचा दाब बसतो. तोच हात खाली नेत ३० सेंटिमीटरमध्ये थांबवा, ६ किलोवर येतो. स्लिपमधला फिल्डर दुसरं काय करतो? घट्ट बांधलेल्या रुमालाने वेग फारसा कमी होत नाही, कापड दबतं तेवढाच दिलासा.

दादर_कबुतरखाना:
१९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं होतं. हवा नाही, दोन्ही बरोबर पडली. तुमची गॅलरी तिथे असती तर जुडगा जवळजवळ चार सेकंदांनी आला असता. आरामात चहा ठेवून झेला.

गिरगावकरीण:
आम्ही दोरीला पिशवी बांधून सोडतो. भाजीही वर येते.

लालबागचा_मामा:
मास्तर, आज हात खाली नेत झेलला. अजिबात लागलं नाही. फक्त कोपर भाच्याच्या टाळक्यात बसलं. पिशवीचं आईला सांगितलं, तर म्हणाली दोरी तूच आण.