बिली ब्रॅगची ४० वर्षं: कुठून ऐकायला सुरुवात करू? आणि नंतर तो थंड पडला का?

परदेशीपुरा_गिटार
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, मिल एरियात वाढलो, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गिटार. आजोबा मिलच्या साचाखात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण त्यांचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला अजून आमच्या देवघराच्या खणात आहे, आजी दसऱ्याला तो चिंचेने घासून पुसून ठेवते. त्या बिल्ल्यावर मी एक गाणं लिहितोय, मराठीत.

आता मुद्दा. मागच्या आठवड्यात मित्राने बिली ब्रॅग या इंग्लिश गायकाची एक लिंक पाठवली, इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या संपाच्या काळातलं गाणं, फक्त इलेक्ट्रिक गिटार आणि माणूस, ड्रम नाही बास नाही काही नाही, आणि मी रात्री २ वाजेपर्यंत तेच ऐकत बसलो. मग पाहिलं तर १९८३ पासूनचा पसारा आहे, २०२३ मध्ये द रोअरिंग फॉर्टी नावाचा ४० वर्षांचा संचही निघालाय. एवढ्यातून सुरुवात कुठून करू? काही लोक म्हणतात ९० नंतर त्याची धार गेली, खरंय का? आणि तिसरं, जरा घरगुती. माझी मराठी इंदुरी आहे, हिंदी मिसळलेली. पुण्याच्या एका नातेवाइकाने गाणं ऐकून सांगितलं, आधी भाषा शुद्ध कर. तेव्हापासून पुढचं कडवं सुचतच नाहीये.

टेपवाले_काका
अरे वा, इंदुरात हे नाव कोणी काढेल असं वाटलं नव्हतं! माझा मामेभाऊ ८७ साली लंडनहून आला तेव्हा त्याने दोन कॅसेट आणल्या होत्या, रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात त्या इतक्या वाजल्या की एकीची फीत शेवटी सेलोटेपने जोडावी लागली.

तुझा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण उत्तर त्यातच आहे. हा माणूस लंडनच्या पूर्वेकडच्या बार्किंगचा, जन्म १९५७ चा. त्याच्या आधी तिकडचे कित्येक गायक अमेरिकन उच्चार लावून गायचे. हा बोलतो तसाच गातो, जाड, गल्लीतला उच्चार, सूर कधी कधी निसटतो. तो घासून गुळगुळीत केला असता तर आपण आज त्याच्याबद्दल बोलत नसतो. १९७७ मध्ये रिफ रॅफ नावाचा पंक बँड काढला, तो चालला नाही. १९८१ ला चक्क सैन्यात गेला, ट्रेनिंगचे जेमतेम ३ महिने काढले आणि १७५ पाउंड भरून स्वतःला सोडवून घेतलं. मग एकटाच गिटार घेऊन उभा राहिला. पाठीला स्पीकर बांधून रस्त्यावर गायचा रे, म्हणजे कुठल्या हॉलवाल्याची परवानगी नको की कोणाचा साउंड नको.

सुरुवात १९८३ च्या लाइफ्स अ रायट या अल्बमपासून कर, ७ गाणी आणि जेमतेम १६ मिनिटं, सराफ्यात गरम जिलबीची वाट बघताना संपते. त्याची गोष्टही ऐक. बीबीसीवर गाणी लावणारा जॉन पील रेडिओवर म्हणाला की भूक लागलीये, हा पठ्ठ्या मशरूम बिर्याणी घेऊन स्टेशनवर हजर! पीलने गाणं लावलं खरं पण चुकीच्या स्पीडवर, कारण रेकॉर्ड मोठी असूनही ४५ च्या स्पीडची होती. पील नंतर सांगायचा की बिर्याणी नसती तरी लावलं असतं. कव्हरवरच छापलं होतं की २.९९ पाउंडांपेक्षा जास्त देऊ नका. कामगाराच्या खिशाचा विचार त्याने गाण्यातच नाही तर किमतीतही केला, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

मालवा_मावशी
काकांचं पटलं पण सुरुवातीबद्दल माझं मत वेगळं. भिया, तू आधी १९९८ चा मर्मेड अव्हेन्यू ऐक. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री १९६७ ला गेले, मागे हजाराहून जास्त गाणी नुसती कागदावर राहिली, त्यांची चाल त्यांच्याबरोबरच गेली. त्यांच्या मुलीने, नोराने, ते कागद ब्रॅगपुढे ठेवले आणि त्याने विल्को या अमेरिकन बँडबरोबर त्यांना नव्या चाली दिल्या. तुझ्याकडे आजोबांचा बिल्ला आहे आणि चाल तुला लावायचीये, म्हणून म्हणतेय.

आणि थंड पडला वगैरे काही नाही. ८४-८५ च्या संपात तो खाणकामगारांसाठी गात फिरला, संप हरला. मग लेबर पक्षासाठी रेड वेज ही गायक-वादकांची आघाडी उभी केली, तर ८७ ला विरोधातल्या थॅचरबाईच तिसऱ्यांदा निवडून आल्या. दोनदा असं तोंडावर आपटल्यावर माणूस घरी बसतो. हा २०१० मध्ये आपल्याच बार्किंगच्या गल्ल्यांत दारोदार फिरत होता, कारण तिथे २००६ ला वंशद्वेष्ट्या बीएनपी (ब्रिटिश नॅशनल पार्टी) पक्षाचे १२ नगरसेवक निवडून आले होते. २०१० ला ते सगळे पडले. फिरणारे शेकडो होते, श्रेय त्याच्या एकट्याचं नाही, पण तो आपल्या मोहल्ल्यात परत आला हे मला त्याच्या कुठल्याही गाण्याइतकंच मोलाचं वाटतं. २००७ पासून तुरुंगातल्या कैद्यांना गिटार पोचवण्याचं काम चालू केलं ते वेगळंच.

एक मात्र खरं, नंतरच्या अल्बममध्ये आवाज खाली उतरलाय आणि घोषणा कमी झाल्यात. २०१३ चा टूथ अँड नेल ऐक, म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचं घर आहे त्यात. मला तरुणपणच्या गाण्यांपेक्षा तो जास्त जवळचा वाटतो, आई गेली त्या वर्षी मी तोच ऐकायचे.

मांडवी_वडोदरा
मी बडोद्याचा, आमच्याही मराठीला गुजरातीचा वास येतो म्हणतात, येऊ दे. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबलेले. १९४४ ला अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा अण्णाभाऊ आपल्या वाटेगावच्या बोलीतच उभे राहिले, आणि गिरणगाव मैदानं भरून ऐकत होता. डफ आणि तुणतुणं, बस. ब्रॅगची एकटी गिटार ऐकताना मला तुणतुण्याची आठवण येते, एकच तार सतत टोचत राहते. दादा, तुझ्या आजोबांच्या पाळीत लोक ज्या भाषेत एकमेकांना हाका मारायचे त्याच भाषेत लिही, हिंदी असेल तर हिंदीसकट.

परदेशीपुरा_गिटार
काका, मावशी, दादा, मनापासून थँक्यू. काल १६ मिनिटांचा तो अल्बम तीनदा ऐकला आणि मग मर्मेड अव्हेन्यू लावला. मावशी, त्या कागदांची गोष्ट वाचून रात्री खणातून बिल्ला काढला, मागच्या बाजूला कोणीतरी खिळ्याने बारीक ओरखडे काढलेत, ते मी आजवर बघितलेच नव्हते. आजीला विचारलं तर म्हणाली, नाइट पाळीला चहा किती झाले त्याचा हिशेब, महिन्याच्या शेवटी कँटीनवाल्याला द्यायचे. २३ रेघा आहेत. दुसरं कडवं तिथूनच सुरू झालं आणि त्यात "खाली-पीली" पण आलंय, काढणार नाही. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्या रात्री आमच्या घराच्या ओट्यावर बसून म्हणणार आहे, माइक न लावता. आजी म्हणते आधी मला ऐकव.