मदत हवी आहे: जिप्सीचं इंजिन, बेल्ट रिडक्शन आणि खडखडाट

दोन सीटच्या हलक्या विमानासाठी मारुती जिप्सी किंगचं १२९८ सीसी इंजिन सध्या टेस्ट स्टँडवर आहे. ताकद ६००० आरपीएमला मिळते, प्रोपेलरला तो वेग जास्त, म्हणून वेग कमी करायला २.५:१ टूथ्ड (दातेरी) बेल्ट लावलाय. ६८ इंची प्रोपेलर २४०० वर फिरतो, टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २१७ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा बराच कमी, तिथे चिंता नाही.

गडबड कमी आरपीएमवर आहे. इंजिन १४०० ते १८०० आरपीएमवर असताना बेल्ट फडफडतो, पुलीखाली काळी रबराची पूड पडते. वर गेलं की शांत. ताण, अलाइनमेंट तपासून झालं. टॉर्शनल रेझोनन्सच असणार (इंजिनच्या धक्क्यांशी जुळून शाफ्टची पिळाची कंपनं वाढणं). जड फ्लायव्हील लावून तो आयडलच्या (इंजिन नुसतं चालू असतानाच्या आरपीएमच्या) खाली ढकलावा, की रबर कपलिंग टाकावं? (वजन वाढवणं जिवावर येतं.)

भोसरी-चाकणकडे टॉर्शनल व्हायब्रेशन मोजून देणारं कोणी आहे का? साधं बॅलन्सिंग नको, ते झालंय.