जुनी ऑडी ई-ट्रॉन घेताना बॅटरी कशी तपासावी? मदत हवी आहे

मंडळी, २०२० ची ऑडी ई-ट्रॉन ५५ ही इलेक्ट्रिक एसयूव्ही पाहून आलोय. गाडी मनात भरली आहे, पण जीव बॅटरीत अडकलाय. ९५ किलोवॅट-अवरची बॅटरी, वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, म्हणजे फार तर २०२८ पर्यंत. मालक डिस्प्लेवरची रेंज दाखवतात. पण तो आकडा अलीकडच्या ड्रायव्हिंगवरून काढलेला अंदाज असतो, त्यावरून बॅटरीची तब्येत कशी कळणार? ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून तिच्या कॉम्प्युटरमधला डेटा वाचणारं यंत्र) पुरेसा आहे, की सर्व्हिस सेंटरचा लेखी रिपोर्टच मागावा?

एअर सस्पेन्शनचं (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचं) काय बघायचं? रात्रभर उभी गाडी एका कोपऱ्यात खाली बसली तर गळती समजायची ना? वॉरंटीनंतर कोणी वापरत असाल तर खर्चासकट सविस्तर लिहा. तोवर टोकन देत नाही.