इंदूरच्या मराठी ब्लॉगांचा छापील अंक : नवे ऑनलाइन साधन वापरताना आलेल्या अडचणी

रामबागवासी (इंदूर) यांचा प्रश्न :

नमस्कार. इंदुरात राहणारे आम्ही सात जण गेली काही वर्षे मराठीत ब्लॉग लिहीत आहोत. कोणी रामबाग आणि लोकमान्य नगरातल्या जुन्या घरांविषयी लिहिते, कोणी माळव्यात मुरलेल्या मराठी स्वयंपाकाविषयी, तर आमच्यातले एक जण केवळ गाण्याच्या बैठकींच्या आठवणी लिहितात. हे सारे ज्यांना सर्वांत जवळचे वाटावे त्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या मंडळींना मात्र मोबाइलवर दोन परिच्छेदांच्या पुढे वाचवत नाही. माझी आई माझे लेख माझ्याच तोंडून ऐकते आणि दर वेळी विचारते, की हे कागदावर कधी देणार. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने ज्या शहरात भरली, त्या शहरातल्या आमच्या लिखाणाला निदान बत्तीस पानांचा कागद मिळावा, असे मला मनापासून वाटते.

अलीकडे एक नवे ऑनलाइन साधन हाती आले आहे. ब्लॉगांचे पत्ते दिले की ते लेख स्वतःच ओढून घेते, दोन रकान्यांत मांडते, अनुक्रमणिका तयार करते आणि ए-५ आकाराची पीडीएफ हातात देते. अर्ध्या तासात अंक उभा राहिला तेव्हा मला फार आनंद झाला, पण घरच्या प्रिंटरवर पाने काढून वाचायला बसलो आणि चिंता वाटू लागली. एका ब्लॉगवरचे शेवटचे दहाच लेख आले आहेत. दुसऱ्या ब्लॉगवरचा प्रत्येक लेख पहिल्या परिच्छेदानंतर तुटतो. छायाचित्रे धूसर दिसतात. सर्वांत वाईट म्हणजे लग्नघरच्या स्वयंपाकावरच्या लेखात ‘पहाटे चारला आचाऱ्यांना चहा द्यावा लागे’ असे जे वाक्य होते, ते ‘आचार्यांना चहा द्यावा लागे’ असे छापून आले आणि त्याच पानावर पुऱ्यांच्या ‘पुर्या’ झाल्या.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. आमच्यातल्या एका ज्येष्ठ लेखकांचे तीन वर्षांपूर्वी निधन झाले. त्यांचा ब्लॉग अजून जागेवर आहे आणि त्यांचे लेख अंकात असावेत अशी सर्वांची इच्छा आहे. ते तसेच घेता येतील का? दिवाळीपूर्वी दोनशे प्रती काढण्याचा विचार आहे.

जुळारी (इंदूर) यांचे उत्तर :

आपण घरी पाने काढून वाचलीत हे फार चांगले केलेत, कारण ‘आचार्यांना’ ही चूक पडद्यावर वाचताना डोळ्यांखालून सहज निसटते. मी बरीच वर्षे डीटीपीचे काम करत आहे, म्हणून या एका मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

‘आचार्य’मधला र अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि ‘आचाऱ्यां’मधला र य-च्या डाव्या अंगाला आडव्या रेघेसारखा लागतो. हा दुसरा र मराठीला जागोजागी लागतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात साधा र, त्याचा मोडलेला पाय आणि त्यानंतर शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. दुसऱ्या प्रकारात साध्या र-ऐवजी खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ येतो आणि मग त्या अदृश्य चिन्हाची आवश्यकताच उरत नाही. आपल्या स्वयंपाकावरच्या लेखिकेने बहुधा पहिल्या प्रकारचा कळफलक वापरला असावा. वेबपानावरून मजकूर उचलताना पुष्कळ साधने फालतू समजून अदृश्य चिन्हे झाडून टाकतात. ते चिन्ह गेले, की उरलेल्या र आणि य यांचा नेहमीचा रफार तयार होतो, आणि दऱ्यांचा दर्या होतो.

यावर उपाय आहे, पण तो योग्य क्रमाने केला पाहिजे. पीडीएफ तयार झाल्यावर ‘र्य’ शोधून सगळीकडे ‘ऱ्य’ करू नका. तसे केलेत तर सूर्य, कार्य आणि धैर्य हे शब्दही बिघडतील. एकदा ते चिन्ह गळून पडले, की कोणता शब्द कोणता होता हे यंत्राला कळण्याचा मार्ग राहत नाही. मूळ ब्लॉगवर मात्र ते चिन्ह अजून शाबूत असते. म्हणून लेखकाने आपल्या मूळ लेखातच, र, मोडलेला पाय आणि अदृश्य चिन्ह हा पूर्ण संच शोधून त्या जागी ऱ आणि मोडलेला पाय ठेवावा, लेख पुन्हा जतन करावा आणि त्यानंतरच साधनाला तो ओढू द्यावा. दुसऱ्या, तिसऱ्या, बिचाऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कऱ्हाड असे शब्द नंतर मुद्दाम शोधून पाहावेत.

अक्षराच्या वळणाकडेही लक्ष द्या. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि साधनात भाषा म्हणून हिंदी निवडलेली राहिली तर अंक वाचताना आपल्याकडच्या वृद्धांना काहीतरी परके वाटत राहते. भाषा मराठी करा, किंवा सरळ ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मुक्त परवान्याचा टंक (फॉन्ट) घ्या. त्यात ही वळणे मुळातच आहेत.

छापखान्याला टंक अंतर्भूत केलेली पीडीएफच द्यावी आणि मजकूर पुन्हा जुन्या, युनिकोडपूर्व टंकात बदलू देऊ नये. येथील एका छापखान्यात माझ्या हातचे एक छोटे पुस्तक असे ‘सोयीसाठी’ बदलले गेले. काम करणारा मुलगा हिंदीभाषी आणि अतिशय कष्टाळू होता; त्याला ळ ही चूक वाटली आणि त्याने भक्तिभावाने सगळीकडे ल केला. लेखिकेच्या आठवणींमधल्या ‘बाळ’चे ‘बाल’ झाले, आणि ती पाने पुन्हा छापावी लागली.

संगणक-शिक्षिका (इंदूर) यांचे उत्तर :

दहाच लेख येणे हा साधनाचा दोष नव्हे. साधन ब्लॉगच्या फीडमधून, म्हणजे ब्लॉग इतर साधनांसाठी आपोआप पुरवत असलेल्या ताज्या लेखांच्या यादीतून, लेख घेते, आणि वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटचे दहा लेखच दाखवण्याची सोय असते. ब्लॉगमालकाने सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ या पानावर जाऊन हा आकडा वाढवावा. त्याच पानावर फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की केवळ सारांश, हाही पर्याय असतो. तुटणाऱ्या लेखांचे कारण तेथेच सापडेल. ब्लॉगस्पॉटवर असलेल्यांना ही निवड साइट फीडच्या सेटिंगमध्ये मिळते.

छायाचित्रांबद्दल हिशेब सोपा आहे. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. ब्लॉगवर ६४० ठिपक्यांचे चित्र छान दिसते, परंतु कागदावर ते साडेपाच सेंटिमीटरपेक्षा मोठे केले की फिसकटते. ए-५ पानावर बारा सेंटिमीटर रुंद चित्र हवे असेल, तर चौदाशे ठिपके तरी हवेत. म्हणून ब्लॉगवरचे चित्र न घेता मूळ फाइल मागवावी, आणि ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगावे. जुन्या घरांची चित्रे तर पुन्हा काढताही येणार नाहीत, कारण त्यांतली काही घरे आता उभी नाहीत. ती मूळ अल्बममधून नीट स्कॅन करून घ्यावीत, एवढी विनंती.

‘येथे टिचकी मारा’ अशी वाक्ये कागदावर निरर्थक होतात. ती काढावीत, आणि गाण्याच्या लेखात जेथे ध्वनिफीत जोडलेली आहे तेथे लहानसा क्यूआर कोड ठेवावा. नातवंडे तो उघडून आजोबांना ऐकवतील.

दांडिया बाजार (वडोदरा) यांचे उत्तर :

आपली कल्पना वाचून एका जुन्या प्रयोगाची आठवण झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड या शहरात तेथील दैनिकातल्या डॅन पाचेको यांच्या पुढाकाराने ‘प्रिंटकास्टिंग’ नावाचे साधन तयार झाले होते आणि २००८ साली नाइट फाउंडेशनच्या स्पर्धेत त्याला ८,३७,००० डॉलरांचे अनुदान मिळाले होते. स्थानिक ब्लॉगलेखकांनी आपले फीड नोंदवायचे, कोणीही त्यातून लेख निवडून आपल्या गल्लीचे किंवा आपल्या छंदाचे मासिक मांडायचे, गावातल्या दुकानदारांनी स्वतःच आपली छोटी जाहिरात त्यात ठेवायची, आणि पीडीएफ छापून वाटायची, अशी ती रचना होती. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : लेखक स्वतः होऊन आपला ब्लॉग नोंदवत असे, त्यामुळे संमतीचा प्रश्न पहिल्या पायरीवरच सुटत असे. आपल्या साधनाला केवळ पत्ता पुरतो, कोणाचाही पत्ता. म्हणून संमतीचे काम आपल्याला हाताने करावे लागेल.

ब्लॉग सर्वांना वाचायला खुला आहे, याचा अर्थ तो छापायलाही खुला आहे असा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा हक्क लेखकाचा असतो आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे तो वारसांकडे राहतो. तेव्हा दिवंगत लेखकांच्या पत्नीची किंवा मुलांची परवानगी घ्यावीच लागेल, आणि ती लेखी असावी. कोणते लेख, कोणत्या अंकासाठी, किती प्रती, पीडीएफ इतरत्र ठेवणार की नाही, काटछाट करणार असल्यास ती आधी दाखवणार की नाही, हे चार ओळींत लिहून त्यांची सही घ्या. मुले परगावी असतील, तर त्यांना छापण्यापूर्वी पाने पाठवा. माणूस गेल्यावर त्याचे शब्द कोणी बदलले तर घरच्यांना जे वाटते, ते मी माझ्या वडिलांच्या एका लेखाच्या बाबतीत अनुभवले आहे. संपादकांचा हेतू चांगलाच होता, तरी शेवटचा परिच्छेद गाळलेला पाहून आई दोन दिवस बोलली नाही.

अंक एकदाच काढणार की दर तीन महिन्यांनी, हेही आधी ठरवा. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आहे. नियमित कालांतराने निघणारे आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेले प्रकाशन त्याच्या कक्षेत येते, आणि त्याची नोंदणी प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करावी लागते. पुस्तक या व्याख्येच्या बाहेर आहे. आठवणी आणि पाककृतींचा एकच संग्रह पुस्तक म्हणून काढणे आपल्याला या वर्षी सोयीचे जाईल, असे मला वाटते.

जुळारी यांची पुरवणी :

पानांचे लिहायचे राहिले. ए-४ कागदाची एक घडी घातली की ए-५ ची चार पाने होतात, म्हणून पानांची संख्या चारने भाग जाणारी ठेवा. बत्तीस पानांना आठ कागद लागतील. त्यातला बाहेरचा एक जाड कागद मुखपृष्ठासाठी घ्या आणि मधोमध दोन पिना मारा. साधनातून पाने एकामागून एक अशा क्रमाने निघतात, पण घडीसाठी पहिल्या पानाशेजारी बत्तिसावे आणि दुसऱ्याशेजारी एकतिसावे यावे लागते. ही मांडणी छापखाना करून देतो. झेरॉक्सच्या दुकानात जाणार असाल, तर छापण्याच्या वेळी ‘बुकलेट’ हा पर्याय निवडायला सांगा. वृद्ध वाचकांसाठी दोन रकाने मोडून एकच ठेवा आणि अक्षर तेरा पॉइंटाचे घ्या. ए-५ च्या अरुंद रकान्यात मराठीचे लांब शब्द बसत नाहीत आणि ओळींत मोठमोठ्या फटी पडतात. लेख कमी बसतील, पण वाचले जातील.

रामबागवासी :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी आम्ही सहा जण एकत्र बसलो आणि लेखिकेच्या मूळ लेखातच र बदलून अंक नव्याने ओढला. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘पुऱ्या’ आता जशा हव्या तशा आल्या आहेत. एक रकाना आणि तेरा पॉइंट केल्यावर एकवीस लेखांपैकी बाराच बसले, त्यामुळे निवड करणे भाग पडले. प्रत्येकाने आपला एक लेख स्वतः होऊन मागे घेतला, आणि उरलेले तीन आम्ही मिळून कमी केले.

दिवंगत लेखकांच्या घरी मी आज सकाळी जाऊन आलो. त्यांच्या पत्नीने चार ओळींच्या कागदावर सही केली आणि आतल्या खोलीतून एक वही आणून दाखवली. ब्लॉगवरचा प्रत्येक लेख त्यांनी आधी शाईने त्या वहीत लिहिला होता. सराफ्यावरच्या लेखाचे पहिले पान त्यांच्या हस्ताक्षरात तसेच छापावे, अशी बाईंची इच्छा आहे. मी वही घरी आणली आहे. ते पान सहाशे ठिपक्यांवर स्कॅन करणार आहे, आणि पहिली एक प्रत छापून झाली की ती आधी त्यांना वाचायला देणार आहे.