नॅसकारच्या बिनपॉइंटच्या रेस: ठेवायच्या की बंद करायच्या?

डावंवळण:
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, नॅसकार म्हणजे अमेरिकेतली गाड्यांची रेसिंग, आणि तिच्या सगळ्यात वरच्या मालिकेच्या, म्हणजे कपच्या, सीझनमध्ये 36 रेसना पॉइंट मिळतात आणि दोन रेसना एकही नाही. एक सीझनच्या तोंडावरचा क्लॅश, जो 1979 ला डेटोनाला सुरू झाला, आणि दुसरी ऑल-स्टार, निवडक ड्रायव्हरांची, 1985 पासूनची. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की या दोन्ही बंद करा. माझं मत एकदम उलटं आहे, ठेवाच. पॉइंटच्या रेसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यात हिशोब चालू असतो, की आज सातवा आलो तरी चालेल, गाडी सांभाळून घरी नेऊ. ऑल-स्टारला सातव्या नंबरची किंमत शून्य. म्हणून तर 1987 ला डेल अर्नहार्ट या ड्रायव्हरची गाडी गवतात गेली तरी त्याने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला नाही, लीड तशीच ठेवून परत ट्रॅकवर आला. आणि 1997 ला जेफ गॉर्डनच्या टीमने जी गाडी आणली होती, टी-रेक्स म्हणतात तिला, ती इन्स्पेक्शन पास होऊन सगळ्यांना धुवून गेली आणि नॅसकारने सांगितलं की ही परत आणू नका! जत्रेतल्या कुस्तीला महाराष्ट्र केसरीची गदा नसते, पण इनामाची शेवटची कुस्ती बघायला अख्खा तालुका जमतोच ना.

शार्लटकर:
दादा, कुस्तीचं उदाहरण इथे बसत नाही. पैलवान स्वतःचं अंग घेऊन उतरतो, इथे गाडी मोडली की ती मंगळवार-बुधवारी जोडायला शॉपमधली माणसं रात्रभर उभी असतात. मी याच भागात राहतो, नॉर्थ कॅरोलिनात शार्लटजवळच्या कॉनकॉर्ड-मूर्सव्हिलच्या पट्ट्यात बहुतेक टीमची शॉप आहेत, माझ्या ओळखीतला एकजण मेकॅनिक आहे, त्याची मुलगी दुसरीत आहे आणि फेब्रुवारी ते नोव्हेंबर त्याला रविवार माहीत नाही. 2025 मध्ये अख्ख्या सीझनला सुट्टीचा रविवार एकच होता, ईस्टरचा. बिनपॉइंटची एक रेस काढली तर त्या लोकांना आणखी एक मिळेल, मला यापेक्षा मोठं कारण नको. आणि तू 1992 विसरलास का, डेव्ही अ‍ॅलिसनने ऑल-स्टार जिंकली आणि फिनिश लाइनवरच काइल पेटीशी धडकून हेलिकॉप्टरने हॉस्पिटलात गेला. चॅम्पियनशिपचा दावेदार होता तो त्या वर्षी. एकही पॉइंट नसलेल्या रेससाठी.

डावंवळण:
1992 विसरलो नाही. ती शार्लटच्या ट्रॅकवर लाइटखाली झालेली पहिली रेस, अजून लोक तिच्याबद्दल बोलतात. पण मेकॅनिकचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चौथागिअर:
मला वाटतं दोघंही मुख्य गोष्ट सोडताय. या रेस म्हणजे प्रयोगशाळा आहेत. पिवळा झेंडा पडला की गाड्या हळू होऊन एकत्र येतात आणि मग रेस परत सुरू होते, त्या रीस्टार्टच्या आधी आतली लाइन घ्यायची की बाहेरची हे ड्रायव्हरने स्वतः निवडायचं, हा चूज रूल 2020 च्या ऑल-स्टारला ब्रिस्टलवर पहिल्यांदा लावला, चालला, आणि पुढच्याच महिन्यात पॉइंटच्या रेसला आला. नेक्स्ट जेन, म्हणजे कपची नवी गाडी, पहिली रेस पळाली ती 2022 चा क्लॅश, लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये, पाव मैलाच्या तात्पुरत्या ट्रॅकवर. 2024 ला ऑल-स्टारमध्ये मऊ ऑप्शन टायर वापरले आणि ऑगस्टमध्ये तेच रिचमंडला पॉइंटच्या रेसमध्ये आले. कोणाचे पॉइंट न घालवता चूक करता येते अशी दुसरी जागा दाखवा मला.

शार्लटकर:
दाखवतो, याच प्रयोगशाळेने केलेली चूक दाखवतो. 2018 च्या ऑल-स्टारला शार्लटमध्ये इंजिनला जाणारी हवा कमी करून आणि मागे मोठा स्पॉयलर (हवा अडवणारी पट्टी) लावून गाड्या मुद्दाम हळू केल्या, सगळ्या गाड्या एकमेकींच्या जवळ राहिल्या, सगळे खूश, आणि 2019 ला त्याच विचारातून मोठ्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) 550 हॉर्सपॉवरचं पॅकेज आलं, 2021 पर्यंत राहिलं. त्या तीन वर्षांत मी कितीतरी रेस अर्ध्यात टीव्ही बंद करून सोडल्यात. एका संध्याकाळच्या शोवरून सीझनचे निर्णय घेतले की हेच होतं. आणि पॉइंट नसले की सगळे जिवावर उदार होऊन पळतात म्हणताय, तर 2024 च्या ऑल-स्टारला जोई लोगानो 200 पैकी 199 लॅप पुढे होता. मग 2025 ला रंगत आणायला प्रमोटर्स कॉशन काढली, म्हणजे प्रमोटरला वाटलं की पिवळा झेंडा. ही रेसिंग आहे का? ज्याने लीड कमावलीय त्याच्याकडून ती काढून घ्यायची?

चौथागिअर:
प्रमोटर्स कॉशनवर तुझ्याशी शंभर टक्के सहमत. ती परत नको.

ताईरेसवेडी:
आम्ही 2023 ला नॉर्थ विल्क्सबरोला गेलो होतो त्यामुळे मला बोलायचंच आहे. 1947 चा ट्रॅक, 1996 ला शेवटची कप रेस झाली आणि मग ओस पडला, सीटांमधून झाडं आलेली. अमेरिकन सरकारच्या मदतनिधीतले 18 मिलियन डॉलर राज्याने दिले, डागडुजी झाली, आणि ऑल-स्टार आली. डांबर तेच जुनं, 1981 चं. माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा होते, 1996 ला पण ते तिथेच बसले होते म्हणाले, गाड्या सुरू झाल्या आणि त्यांनी टोपी काढून हातात धरली ती पाच-दहा मिनिटं तशीच. रेस काइल लार्सनने एकतर्फी जिंकली, मान्य, पण तो ट्रॅक आज जिवंत आहे तो त्या बिनपॉइंटच्या रेसमुळे. थेट पॉइंटची रेस तिथे द्यायची हिंमत कोणी केली नसती. आता 2026 च्या कॅलेंडरमध्ये जुलैत तिथे पॉइंटची रेस आहे, तीस वर्षांनी. बोमन ग्रे ट्रॅकचं पण तेच, 1971 नंतर कप तिथे 2025 च्या क्लॅशलाच आला.

शार्लटकर:
ताई, हे मला पटतं, खरंच पटतं. पण त्याच कॅलेंडरमध्ये डोव्हर ट्रॅकचं काय झालं ते बघा. 1969 पासून तिथे कपच्या पॉइंटची रेस होती, 2026 ला ती काढून ऑल-स्टार दिली. म्हणजे एकाला उठवायचं आणि दुसऱ्याला बसवायचं.

डावंवळण:
डोव्हरचं मलाही लागलं. माझं आता असं होतंय की दोन्हीपैकी एकच ठेवायची असेल तर क्लॅश ठेवा. सीझनच्या आधी येतो म्हणजे मधला रविवार खात नाही, शार्लटकरांच्या मेकॅनिकला मे महिन्यात सुट्टी मिळेल, आणि दरवर्षी असा ट्रॅक घ्या जिथे कप जात नाही.

ताईरेसवेडी:
मग पहिला नंबर रॉकिंगहॅम ट्रॅकचा. 2004 नंतर कप तिथे गेलेला नाही, 2025 च्या एप्रिलमध्ये ट्रक आणि एक्सफिनिटी या नॅसकारच्या कपखालच्या मालिकांच्या रेस होऊन गेल्या, म्हणजे ट्रॅक तयार आहे. फक्त फेब्रुवारीत तिथे थंडी असते, गोधडी घेऊन या सगळ्यांनी.